भिंतीची निवड : कसब्यातील वाडे आणि कारखान्यातील पॅनेल

पुण्याच्या कसबा पेठेत एखादा जुना वाडा उतरविला जाऊ लागला, म्हणजे रस्त्याने जाणारा मनुष्य क्षणभर थांबतो. दर्शनी भिंत अर्धी पाडलेली असते आणि तिचे पोट उघडे पडलेले असते. बाहेरून जी एकसंध वाटत होती ती भिंत आतून किती परींची बनलेली आहे, हे तेव्हा प्रथम नजरेस येते. तळाशी काळ्या दगडाचे जोते, त्यावर चपट्या विटांचे थर, विटांच्या मध्ये चुना किंवा नुसती माती, आणि या सर्वांच्या आड लपलेला सागवानी खांब. ज्या कुटुंबाचा हा वाडा, त्याच्यापुढे त्याच वेळी एक प्रश्न उभा असतो : नवे घर बांधावयाचे, तर त्याची भिंत कशाची करावी? एके काळी माती, चुना आणि लाकूड हेच या प्रश्नाचे उत्तर होते. पुढे पक्की वीट आणि सिमेंट हे दुसरे उत्तर आले. आता कारखान्यातून मापात कापून, रंगवून आलेले तयार पॅनेल हे तिसरे उत्तर पुढे आले आहे. या उत्तरांचा इतिहास ध्यानात घेतला, तर निवडीचे काम पुष्कळ सुकर होते.

भिंतीची कामे मुळात दोन. छपराचा व वरच्या मजल्यांचा भार जमिनीपर्यंत पोहोचविणे हे पहिले. आणि ऊन, पाऊस, वारा, चोर व शेजाऱ्याची नजर यांस बाहेर ठेवणे हे दुसरे. ही दोन्ही कामे एकाच वस्तूवर सोपवावयाची, की दोन निरनिराळ्या वस्तूंत वाटून द्यावयाची, हा घरबांधणीतील मूळ प्रश्न होय. कसब्यातील जुन्या कारागिरांनी त्याचा निर्णय आपल्या परीने केला होता.

कसबा हा पुण्याचा सर्वांत जुना भाग. १६३० च्या सुमारास आदिलशाही फौजेने हे गाव उद्ध्वस्त केले, आणि पुढे जिजाबाई व बाल शिवाजी यांच्या वास्तव्याने ते पुन्हा नांदते झाले. लाल महाल येथेच उठला, कसबा गणपतीचे देऊळ येथेच उभे राहिले. नदीच्या बाजूस कुंभारवाडा वसला, पुढे पेशवाईत तांबट आळीतून हातोड्यांचा नाद घुमू लागला. पेठेला लागूनच पहिल्या बाजीरावाने १० जानेवारी १७३० रोजी शनिवारवाड्याचा पाया घातला, आणि २२ जानेवारी १७३२ रोजी त्याची वास्तुशांत झाली. या वाड्याला लागणारे सागवान जुन्नरच्या रानातून, दगड चिंचवडच्या खाणींतून आणि चुना जेजुरीहून आला, असे सांगतात. या तीन नावांत त्या काळच्या बांधकामाचे सारे शास्त्र आले. जे लागावयाचे ते बैलगाडीच्या टप्प्यात मिळत असे, आणि जे मिळत असे त्यावरूनच भिंतीचे रूप ठरत असे. शनिवारवाड्याचा कोट आजही पाहावा : खाली दगड, वर वीट. संपूर्ण दगडी वाडा बांधण्याचा मान छत्रपतींचा, म्हणून वरचे काम विटांत झाले, अशी एक आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, ओलाव्याशी झुंजणारा दगड खाली आणि हलकी वीट वर ही योजना मात्र शहाणपणाची होती यात संशय नाही.

गृहस्थांच्या वाड्यांत हीच योजना लहान प्रमाणावर दिसते. जोत्यावर दगडी तळखडे बसवावयाचे, तळखड्यांवर सागवानी खांब उभे करावयाचे, खांबांवर तुळया टाकावयाच्या, आणि ही चौकट उभी राहिल्यावर मग खांबांमधील जागा विटामातीने भरून काढावयाची. दोन खांबांमधील अंतरास खण म्हणत, आणि घराचे मोजमापही खणांतच सांगत. म्हणजे भार वाहिला तो लाकडाने. माती व वीट यांनी मुख्यतः आडोशाचे काम केले. दोन्ही कामे वाटून दिल्यामुळे एकाची दुरुस्ती दुसऱ्यास धक्का न लावता करता येई. भिंत पडली तरी माळा पडत नसे.

या भिंतीचा आणखी एक विशेष आहे. चिखलात गवत किंवा भुसा कालविल्याखेरीज त्याचा लेप भिंतीवर द्यावयाचा नाही, असा दंडक होता. चुन्याच्या गिलाव्यात तागाचे तंतू, गूळ, बेलफळाचा रस असे पदार्थ घालीत. यांतील तंतूंचे काम साधेच, पण महत्त्वाचे होते. माती काय, चुना काय, दाब सहन करतो, पण ताण पडला की तडकतो. तंतू त्या तड्याला जागच्या जागी धरून ठेवतो. कारखान्यातील आधुनिक फायबर सिमेंटचा तक्ता याच तत्त्वावर बनतो, ही गोष्ट पुढे उपयोगी पडेल.

वाड्यांच्या भिंतींना दोन शत्रू होते. पहिला अग्नी. फेब्रुवारी १८२८ मध्ये शनिवारवाड्यास लागलेली आग सात दिवस धुमसत होती, आणि अखेर कोट, दरवाजे, जोती व कारंजी एवढेच मागे उरले. इंदूरच्या होळकरांचा राजवाडा सात मजल्यांचा; त्याचे खालचे तीन मजले दगडाचे आणि वरचे चार मुख्यतः लाकडाचे. तोही अनेकदा जळला, आणि १९८४ च्या आगीने त्याची फार मोठी हानी केली. भार वाहणारे लाकूडच पेटले, म्हणजे आडोशाची भिंत कितीही जाड असून उपयोग होत नाही.

दुसरा शत्रू पाणी. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही भंगले, आणि मुठेचे पाणी नदीकाठच्या पेठांत शिरले. कसब्याच्या नदीकडील भागासही त्याचा तडाखा बसला. मातीत बांधलेल्या भिंतीचा स्वभाव असा, की कोरडी असेपर्यंत ती शतकभरही उभी राहते. पण तिच्या पायथ्याशी काही तास पाणी साचून राहिले की खालचा थर विरघळतो आणि वरचा सारा भार बसतो. पूर ओसरल्यावर पुण्यातील हजारो कुटुंबे निराश्रित झालेली दिसली. शहराच्या पश्चिमेस गोखलेनगरसारख्या वसाहती उठल्या, त्या या आपत्तीतूनच. पुणेकर गृहस्थाचा विटामातीवरील विश्वास त्या दिवशी जो उडाला तो कायमचा, असे म्हणावयास हरकत नाही. त्यानंतर सिमेंट आणि लोखंडी सळई यांनी पेठांत प्रवेश केला, आणि वाड्यांच्या जागी मजल्यांवर मजले चढू लागले.

तिसरा धडा महाराष्ट्रास ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मिळाला. किल्लारीच्या भूकंपात लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेत गाडली गेली. तेथील भिंती दगडाच्या, दोन फुटांहून जाड, आणि मातीत रचलेल्या; वर मातीच्या माळवदाचा भार. धरणी हलली तेव्हा या जड भिंतींचे दोन पदर सुटून बाहेर कोसळले. काही घरांत मात्र भिंती ढासळल्या तरी लाकडी खांबांची चौकट उभी राहिलेली आढळली. जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत, ही समजूत त्या पहाटे खोटी ठरली. भिंतीचे वजन हाच भूकंपातील खरा वैरी, आणि सांधा हाच खरा मित्र, हे त्यावरून कळून आले.

आता कारखान्यातील उत्तराकडे वळावयाचे. हे उत्तर दोन प्रवाहांच्या संगमातून निघाले आहे.

पहिला प्रवाह फायबर सिमेंटचा. विसाव्या शतकाच्या आरंभी ऑस्ट्रियातील लुडविग हाट्शेक या कारखानदाराने कागद बनविण्याच्या धर्तीवरील यंत्रात सिमेंट आणि अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू यांचे पातळ थर एकावर एक घेऊन त्यांचा तक्ता बनविला. तो जळेना, कुजेना, वाळवीस दाद देईना. १९३० नंतरच्या दशकात हिंदुस्थानातही त्याचे कारखाने निघाले, आणि पन्हाळीदार पत्र्याच्या रूपाने तो गिरण्यांपासून गोठ्यांपर्यंत पोहोचला. परंतु अ‍ॅस्बेस्टॉसचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुप्फुसांत गेले असता असाध्य रोग उत्पन्न करतात, हे पुढे निर्विवाद सिद्ध झाले. १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियातील उत्पादकांनी त्या तंतूंच्या जागी लाकडाच्या लगद्याचे तंतू घातले, आणि युरोपीय संघाने २००५ पासून अ‍ॅस्बेस्टॉसचा वापर बंद केला. म्हणून तक्ता घेणाऱ्याने विचारावयाचा पहिला प्रश्न रंगाचा नव्हे. तक्त्यात कोणता तंतू आहे, हे त्याने लेखी विचारून घ्यावे.

दुसरा प्रवाह भार वाहणाऱ्या पॅनेलाचा. १९३५ च्या सुमारास अमेरिकेत विस्कॉन्सिन संस्थानातील मॅडिसन येथील सरकारी वनोपज प्रयोगशाळेने प्लायवुडच्या तक्त्यांना ताण व दाब सोसावयास लावून भिंती उभारल्या, आणि त्यांचे एक घर बांधून पाहिले. तत्त्व असे की, दोन पातळ तक्ते मध्ये अंतर ठेवून घट्ट जोडले, म्हणजे ते जणू लोखंडी तुळईच्या दोन पट्ट्यांप्रमाणे वागतात. एकटा तक्ता वाकेल, पण जोडी वाकत नाही. १९५० नंतर आल्डेन डाऊ या स्थापत्यविशारदाने मिशिगनमध्ये अशा दोन तक्त्यांच्या मध्ये फोम भरला. त्यायोगे एकाच वस्तूने भार वाहिला आणि उष्णताही अडविली. वाड्याने जी दोन कामे वाटून दिली होती, ती या पॅनेलाने पुन्हा एका ठिकाणी आणली.

त्याची किंमतही काही ठिकाणी द्यावी लागली. अलास्कातील जुनो हे अतिशय ओल्या हवेचे शहर. तेथे अशा पॅनेलांची अनेक छपरे २००० च्या सुमारास सांध्यांलगत कुजलेली आढळली. चौकशीत असे दिसून आले, की घरातील उबदार, दमट हवा नीट न बुजविलेल्या सांध्यांतून वर जाई, थंड तक्त्याला लागून तिचे पाणी होई, आणि लाकडी तक्ता आतून सडे. पॅनेलाच्या मधल्या भागात काही दोष नव्हता. दोष होता तो दोन पॅनेले जेथे मिळतात त्या रेषेत. लाकडी तक्त्याऐवजी फायबर सिमेंटचा तक्ता लावण्याचे एक मोठे कारण हेच, की तो कुजत नाही. परंतु पाणी आत शिरले तर ते तक्त्यामागील पट्ट्या, खिळे आणि रंग यांना सोडीत नाही. तेव्हा सांध्याचा प्रश्न तक्ता बदलून सुटत नाही. त्याचे परिणाम काय ते सौम्य होतात.

हिंदुस्थानात या पद्धतीचा मोठा प्रयोग झाला तो मराठी माणसास परक्या नसलेल्या इंदुरात. केंद्र सरकारच्या योजनेखाली १ जानेवारी २०२१ रोजी सहा शहरांत निरनिराळ्या पद्धतींच्या घरबांधणीचा आरंभ झाला. इंदूरच्या वाट्यास १०२४ घरे आणि तयार सँडविच पॅनेलाची पद्धत आली. दोन पातळ तक्ते, आणि त्यांच्या मध्ये सिमेंटात कालविलेले थर्मोकोलचे बारीक मणी, असे त्या पॅनेलाचे स्वरूप. पण तेथे इमारतीचा भार पॅनेलावर टाकला नाही. तो पोलादी खांब व तुळया यांच्या चौकटीवर टाकला, आणि पॅनेलाकडे आडोशाचे काम दिले. सागवानाच्या जागी पोलाद आले आणि विटामातीच्या जागी पॅनेल, एवढाच काय तो फरक. कामाची वाटणी मात्र कसब्यातील वाड्याचीच आहे.

यावरून कसब्यातील गृहस्थास काय घेण्यासारखे आहे? प्रथम जागेचा विचार. संरक्षित स्मारकांविषयीच्या १९५८ च्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. तिने स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध ठरविले आणि त्यापुढील २०० मीटरांत ते परवानगीच्या अधीन केले. शनिवारवाड्यामुळे कसब्याचा मोठा भाग या वर्तुळात आला. निषिद्ध पट्ट्यातील कुटुंबापुढे खरा प्रश्न नव्या भिंतीचा नसून जुनीच्या दुरुस्तीचा असतो. तेथे विटामातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा किंवा तयार तक्ता चिकटवून ती झाकून टाकण्याचा मोह टाळावा. मातीची भिंत जोत्यातून चढलेली ओल श्वासासारखी बाहेर टाकते. तिचे तोंड बंद केले की ती ओल आतील लाकडाकडे वळते, आणि खांबांचा बुंधा व तुळयांची टोके कुजू लागतात. अशा भिंतीस चुन्याचाच गिलावा द्यावा.

जेथे नव्या घरास मोकळीक आहे, तेथे मजले मोजावे. चार-पाच मजल्यांची इमारत उभी करावयाची असेल, तर चौकट काँक्रीटची किंवा पोलादाची घेऊन पॅनेल केवळ भरावास वापरणे हेच श्रेयस्कर. एखाद-दुसऱ्या मजल्याचे घर असेल, तर भार वाहणाऱ्या पॅनेलाचा विचार करता येतो; मात्र त्याची गणिते स्थापत्य अभियंत्याने तपासलेली असली पाहिजेत. फायबर सिमेंटचा तक्ता ठिसूळ असतो, प्लायवुडप्रमाणे वाकून सावरत नाही. वजनाचा लाभ मात्र मोठा आहे. दोन्ही बाजूंनी गिलावा केलेल्या नऊ इंची विटेच्या भिंतीचे वजन एका चौरस मीटरला ४५० किलोंच्या पुढे जाते. १० मिलिमीटरच्या दोन तक्त्यांमध्ये १०० मिलिमीटर फोम असलेले पॅनेल ३० किलोंच्या आसपास भरते. कसब्याच्या अरुंद बोळांतून ते दोन माणसे उचलून नेऊ शकतात, आणि भूकंपात ते घरावर ओझे होत नाही.

उष्णतेच्या बाबतीत हिशेब थोडा गुंतागुंतीचा आहे. १०० मिलिमीटर फोम उष्णता जितकी अडवितो, तितकी अडविण्यास विटेची भिंत सुमारे दोन मीटर जाड करावी लागेल. परंतु वाड्याची भिंत उष्णता केवळ अडवीत नव्हती, ती पोटात साठवून ठेवीत होती. चैत्रातील दुपारचे ऊन तिच्यातून आत येईतो रात्र पडे, आणि तोवर पुण्याची गार हवा खिडक्यांतून वाहू लागे. हलक्या पॅनेलास ही साठवण नाही. म्हणून पॅनेलाच्या घरात जमीन दगडी फरशीची ठेवावी आणि रात्रीच्या वाऱ्यास वाट ठेवावी, म्हणजे दोन्हींचे गुण पदरात पडतात.

अग्नीविषयी विक्रेता बहुधा तक्ता दाखवितो आणि तो जळत नाही म्हणून सांगतो. ते खरे आहे. पण आतील थर्मोकोल १०० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतो, आणि तो मऊ पडला की जोडीचे बळ जाते. यास्तव दाखला मागावयाचा तो संपूर्ण पॅनेलाच्या अग्निपरीक्षेचा, आणि त्यात ते किती वेळ टिकले याचा. तक्त्यासाठी भारतीय मानक १४८६२ आहे, ते २००० सालचे. त्यात बाहेर वापरावयाचे व आत वापरावयाचे तक्ते वेगळे सांगितले आहेत. आतल्या कामाचा तक्ता पावसाच्या तोंडी देऊ नये.

राहिला तयार रंगाचा प्रश्न. कारखान्यात भाजून दिलेला रंग गवंड्याच्या हातच्या रंगापेक्षा अधिक टिकतो, आणि परांच्या बांधून वारंवार रंग देण्याचे काम वाचते. परंतु हा रंग तक्त्याच्या तोंडावर असतो. जागेवर तक्ता कापला, की कापलेली कड उघडी पडते आणि पाणी पिऊ लागते. ती कड त्याच दिवशी बंद केली पाहिजे. कापताना उडणारी सिलिकाची धूळ कामगाराच्या फुप्फुसास घातक आहे, म्हणून खिडक्या, दारे व विजेच्या नळ्या यांची मापे आधीच ठरवून कारखान्यातच कापून घ्यावीत. दोन तक्त्यांमधील फट ज्या लवचिक लेपाने भरतात, त्याचे आयुष्य तक्त्याहून कमी असते. दर काही वर्षांनी तो पाहावा व बदलावा. तक्त्याची खालची कड जमिनीपासून निदान सहा इंच वर राहिली पाहिजे. म्हणजे पुन्हा जोतेच आले! शेवटी, त्याच रंगाची चार-सहा पॅनेले घरात राखून ठेवावीत, कारण दहा वर्षांनी तोच रंग मिळेल याची हमी कोणी देत नाही.

वाड्याची भिंत दोनशे वर्षे टिकली ती ती अमर होती म्हणून नव्हे. दर पावसाळ्यापूर्वी कोणीतरी तिच्याभोवती फिरून पाहत असे, कुठे पोपडा आला, कुठे कौल सरकले, कुठे ओल चढली. आणि आळीतल्या गवंड्याला हाक मारली की तो चुना घेऊन येत असे. ज्या वाड्यांत वाटण्या झाल्या, मालक एकीकडे आणि भाडेकरू दुसरीकडे झाला, तेथे हे फिरणे थांबले, आणि भिंती पूर येण्यापूर्वीच खचू लागल्या. तयार पॅनेल निवडणाऱ्या कुटुंबाने विक्रेत्यास एवढे अवश्य विचारावे, की सांधा उघडा पडला तर तो बुजविणारा मनुष्य पुण्यात कोण आहे, आणि आणखी पंधरा वर्षांनी तो कोठे भेटेल. या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळाले, तर ते पॅनेल खुशाल घ्यावे. ते मिळाले नाही, तर ज्या भिंतीचा कारागीर हाकेच्या अंतरावर आहे तीच भिंत त्या घराला अधिक स्वस्त पडेल.